परत घेतलेला वानवळा

माझ्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. नायगावहून माझ्या आईने सुकटाची चटणी पाठवली होती. सासूबाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि चिमूटभर चटणी आधी ओट्याखालच्या मांजरीपुढे टाकली. मांजर चटणी खाऊन, मिशा चाटून, धडपणे चालत अंगणात गेली, तेव्हा कुठे डबा फळीवर चढला. मी दारातच उभी होते. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. माझ्या आईने काय विष पाठवलं होतं? पण नव्या सुनेने बोलायचं कुणापुढे? नवऱ्याला सांगितलं, तर प्रितेश हसत सुटला. "तुझ्या आईचं काही नाही ग," तो म्हणाला, "माझ्या सख्ख्या मावशीच्या चटणीलाही हीच परीक्षा असते."

तर या माझ्या सासूबाई. नाव कृष्णाबाई, राहणार गोखिवरे, जुनं गावठाण, वय पासष्टच्या आसपास, आणि जगात कुणावर म्हणून विश्वास नाही. मीटर बघायला माणूस आला की त्याच्या मागोमाग त्या स्वतः स्टुलावर चढून मीटरकडे रोखून बघतात. आकडे त्यांना नीट वाचता येत नाहीत, पण कोणीतरी बघतंय हे त्या माणसाला कळलं पाहिजे. पोलिओचा डोस द्यायला आलेल्या बाईला त्यांनी एकदा "आधी तू एक थेंब पिऊन दाखव" असं सांगितलं होतं. टीव्हीवर बातम्या सांगणारी मुलगी जरा जास्त हसली की ती काहीतरी लपवते म्हणून आम्हाला चॅनल बदलावा लागतो.

सुरुवातीला मी चिडायचे, मग सवय झाली. एकदा तर उपयोगही झाला. फोनवर कोणीतरी बँकेतून बोलतोय म्हणाला. मी त्याला नंबर सांगायच्या बेतात होते, इतक्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्याला त्याच्या आईचं माहेर कुठलं ते विचारलं. त्याने फोन ठेवून दिला. "बगितलंस?" त्या म्हणाल्या. "ज्याला आईचं माहेर सांगता येत नाय, तो कसला बँकवाला?" यातला तर्क मला अजून सापडलेला नाही. पण नंतर त्याच नंबरवरून शेजारच्या गल्लीत दोघांना फसवल्याचं कळलं, तेव्हा मी मुकाट्याने त्यांच्या पाया पडले.

सासरे बरोबर उलटे. काशीराम त्यांचं नाव, आम्ही बाबा म्हणतो. रस्त्यात कोणी थांबवलं तर आधी नमस्कार करतील, घरी चहाला बोलावतील आणि मग कोण तुम्ही म्हणून विचारतील. त्यांची एक खोड म्हणजे रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही. आमच्याकडे मळ्यात पहिली तोडणी झाली की आधी शेजारीपाजारी, सोयरे-धायरे यांना थोडं थोडं पाठवतात आणि मग उरलेलं विकायला काढतात. त्याला वानवळा म्हणायचं. घेणाऱ्यानेही पिशवी रिकामी पाठवायची नाही, मूठभर तांदूळ तरी घालायचे. इतर घरांत हे पहिल्या तोडणीपुरतं असतं. बाबांचा वानवळा बारमाही. ताप दाखवायला डॉक्टरकडे गेले तरी काखेत वालाच्या शेंगांची पिशवी. सायकल चोरीला गेल्याची तक्रार द्यायला गेले तेव्हा हवालदाराला दुधी देऊन आले.

"सायकल मिळंल तवा मिळंल," असं म्हणत होते, "पन मानसाच्या दारात काय रिकामं जायचं?"

आई यावरूनही त्यांना टोचून बोलत, पण पिशवी भरताना भाजी त्याच निवडून देत. किडका मुळा किंवा पिवळं पान त्या पिशवीत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. कारण त्या पिशवीतून आमचा मळा बाहेर जायचा, आणि मळा म्हणजे आईंचा जीव.

पावसाळ्यात तिथे भात होतो. भात कापून झालं की पालक, माठ, मुळा, वांगी, वाल. पाणी आमच्याच विहिरीचं. सकाळी आई पाटी घेऊन रिक्षाने आचोळ्याच्या बाजारात जातात आणि एका औषधाच्या दुकानाच्या पायरीशी बसतात. त्या बसल्या की गिऱ्हाईक येतंच. भाव कमी करत नाहीत, हसून बोलत नाहीत, उलट कोणी जुडी हातात घेऊन उलटीपालटी केली तर हिसकावून घेतात. तरी बायका थांबतात. आचोळ्याच्या इमारतींमध्ये "कृष्णाबायची भाजी" असं नावच पडून गेलंय. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा एक बाई पालक घेताना म्हणाली, "बाकीच्यांचा पालक मी मिठाच्या पाण्यात ठेवते, तुमचा नाही ठेवत." येताना रिक्षात आईंनी हे वाक्य मला दोनदा ऐकवलं.

जगातल्या कुठल्याही वस्तूत खोट शोधणाऱ्या या बाईने आपल्या मातीत कधी शोधली नाही. आणि खरं सांगायचं तर शोधायला जागा होती.

मळ्याच्या पूर्वेला एक उंच भिंत आहे. भिंतीपलीकडे बंद पडलेला रंगाचा कारखाना. गावात त्याला नुसतं "कंपनी" म्हणतात. प्रितेश शाळेत असताना ती चालू होती. मागच्या नाल्यात कधी निळं पाणी यायचं, कधी तांबडं, आणि पोरं आज कुठला रंग येणार यावर पैजा लावायची. कंपनीने एकदा गावात रिकामी पिंपं फुकट वाटली, लोकांनी ती आनंदाने पाणी भरायला नेली. एकट्या आईंनी नेलं नाही. त्यांनी मळ्यात काम करताना पाहिलं होतं, की भिंतीच्या आतल्या बाजूला माणसं खड्डा खणतात, पिंपं ओततात आणि माती लोटतात. तेव्हाही त्या गेटवर जाऊन भांडल्या होत्या. वॉचमनने हाकलून दिलं. पुढे कंपनी बंद पडली, पत्रे गंजले, आत झाडं माजली, आणि गाव ते विसरलं.

गेल्या दिवाळीच्या आधी कळलं, की कंपनीची जागा एका बिल्डरने घेतली आहे. कारखान्यासाठी राखलेली जमीन राहण्यासाठी करून मागितली आहे, आणि तिथे टॉवर, दुकानं, पोहण्याचा तलाव असं सगळं होणार आहे. पेपरात नोटीस आली, की कुणाच्या हरकती असतील तर लेखी द्या, नंतर सुनावणी होईल. गाव खूश होतं. रस्ता होईल, जमिनीला भाव येईल. प्रितेशही खूश होता, तो वालीवला एका गोडाऊनमध्ये नोकरी करतो आणि मळ्यात पाय ठेवायला त्याला आवडत नाही.

मग एक दिवस भावेश आला. बिल्डरचा माणूस, पण आचोळ्यातच वाढलेला, तिशीचा, गोरागोमटा, सुक्या मेव्याचा डबा घेऊन. "मावशी, मी तुमच्याच भाजीवर वाढलोय," असं म्हणून तो आईंच्या पाया पडला. मला वाटलं आता तरी ही बाई विरघळेल. आईंनी चहा दिला, डबा मात्र दोरीसकट तसाच ठेवला. तो गेल्यावर म्हणाल्या, "तो चप्पल काढून आत आला, पन मोजे नाय काढले. बसायला आलेला मानूस मोजे काढतो." बाबा म्हणाले, "अग पोरगा चांगला हाय. पाया पडला." आई म्हणाल्या, "म्हून तर."

डबा आठवडाभर कपाटावर पडून राहिला. शेवटी बाबांनी तो गपचूप उघडला.

पुढच्याच महिन्यात कंपनीत दोन मुलं माती तपासायला आली. आई मळ्याच्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या. ती मुलं गेटजवळच घुटमळली, तिथली माती पिशव्यांमध्ये भरली, सेल्फी काढला आणि निघून गेली. गेटजवळ ट्रकसाठी बाहेरून मुरूम आणून टाकलेला आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मागच्या बाजूला, आमच्या भिंतीकडे, कोणी फिरकलं नाही. आई तशाच मातीच्या हातांनी घरी आल्या. "मनाली, हरकत लिही," त्या म्हणाल्या. "मागं खड्डं हायत. ती माती आधी उकरून न्यायला पायजे. नायतर हे लोक पाया खनतील आनि ते सगळं वर येऊन पावसात आमच्या विहिरीत उतरंल."

मी वही घेतली, पण पेन टेकवलं नाही. माझ्या मनात एक प्रश्न आला होता आणि तो विचारायची मला भीती वाटत होती. तरी विचारला.

"आई, ते जर भिंतीपलीकडे इतकी वर्षं मुरतंय, तर अलीकडे आलं नसेल कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मोजे घालूनच घरात शिरले होते. "मधी भिंत हाय," त्या म्हणाल्या.

"भिंत वर आहे. खाली जमीन एकच आहे."

"आपल्या मातीत खोट नाय. तू लिही."

मी लिहिलं. प्रितेशने दोन दिवस डोकं आपटलं. "आई, बिल्डरशी कशाला वाकडं घेतेस? आपल्या जमिनीचा भाव बोंबलेल." त्या ऐकतील तर शपथ. मला प्रितेशचा राग आला आणि आईंचाही आला. याला जमिनीच्या भावापलीकडे काही दिसत नव्हतं, आणि जिला सगळं दिसत होतं तिला नेमका आपला बांध दिसत नव्हता. मी मात्र त्या दिवसापासून आमच्या छोट्या मुलीला मळ्यातला पालक वाढताना थबकायला लागले. वाढत होते, पण थबकत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

सुनावणी गावच्या समाजमंदिरात ठेवली होती. पंखे चालू, खुर्च्या मांडलेल्या, समोर टेबल, टेबलामागे नगररचनेच्या अधिकारी मॅडम. बिल्डरच्या माणसांनी पडद्यावर चित्रं दाखवली. टॉवर, कारंजं, सायकल चालवणारी मुलं, आणि भिंतीच्या जागी हिरवंगार गवत. आई उठून पडद्याजवळ गेल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "हितं आमचा मळा हाय. तो कुटं गेला?" भावेश हसत म्हणाला, "मावशी, हे फक्त चित्र आहे." आई म्हणाल्या, "चित्रातसुदा नाय ठेवला, म्हून इचारते." लोक हसले. मॅडमही हसल्या. सुरुवात चांगली झाली होती.

आणि तेव्हाच बाबा उठले. मी त्यांना घरून निघताना बघितलंच नव्हतं, मी मुलीला शेजारी सोडायला गेले होते. त्यांच्या काखेत पिशवी होती. पानांसकट मुळे, पालक, वरून वालाच्या शेंगा. ते टेबलापाशी गेले, पिशवी मॅडमसमोर ठेवली आणि हात जोडले.

"मळ्यातली हाय, मॅडम. पोरांना घरी न्या."

मॅडम अवघडल्या. "अहो काका, असं काही घेता येत नाही आम्हाला."

"ही भाजी हाय, मॅडम. वानवळा हाय. याला काय नियम?"

मागून कोणीतरी "घ्या, घ्या" म्हणालं. मॅडमनी पिशवी टेबलाच्या कडेला सरकवली आणि पुढचं नाव पुकारलं. बाबा समाधानाने येऊन बसले. आईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, त्या मनात आपलं बोलणं घोळवत होत्या. मी पिशवीकडे बघत होते. काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, पण नेमकं काय ते अजून डोक्यात उतरत नव्हतं.

आईंचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या आणि खरंच छान बोलल्या. माईक धरला नाही, गरजही नव्हती. खड्डे सांगितले, पिंपं सांगितली, माती गेटजवळची घेतली ते सांगितलं. "हितं पोरं खेळनार म्हंता. त्या मातीत? आधी ती माती उकरा, लांब न्या, मंग काय ते टावर बांधा. नायतर ते इष हाय, मॅडम. ते आमच्या विहिरीत येनार." मॅडम लिहून घेत होत्या. गावातले दोघे-तिघे मान हलवायला लागले होते. त्यांनाही पिंपं आठवली असणार.

मग भावेश उठला. "मॅडम, मावशींचा मी आदर करतो," तो म्हणाला, "माझा एकच प्रश्न आहे." तो टेबलाकडे गेला आणि त्या पिशवीतून एक मुळा काढून त्याने पानांना धरून वर केला. टवटवीत, पांढराशुभ्र मुळा. सगळ्यांना दिसला.

"मावशी, तुमचा मळा त्या भिंतीला लागूनच ना?"

"हो," आई म्हणाल्या.

"आणि हा मुळा त्याच मळ्यातला?"

बाबा आपल्या जागेवरून उत्साहाने म्हणाले, "हो, हो. सकाळीच उपटला."

"मग पलीकडे विष आणि अलीकडे मुळा, हे कसं काय?" लोक हसले. भावेशने आवाज आणखी मऊ केला. "मी वाद घालत नाही. मॅडमनी ही भाजी घरी नेऊन मुलांना खाऊ घालावी की नाही, एवढं तुम्हीच सांगा. घालावी म्हणालात, तर माती चांगली आहे. माझं म्हणणं संपलं."

त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, की उठून त्याच्या हातातला मुळा त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला. पण तो खोटं काही बोलला नव्हता. हाच प्रश्न मी घरी वही हातात घेऊन विचारला होता, आणि आता तो सगळ्या गावासमोर, पंख्याखाली, पानं हलवत उभा होता. "न्या, खुशाल खा" असं आई म्हणाल्या असत्या तर हरकत तिथेच मेली असती. नको म्हणाल्या असत्या तर आचोळ्याची पायरी गेली असती, नाव गेलं असतं, आणि इतकी वर्षं आम्ही काय विकलं हा प्रश्न उरला असता. बाबा मान हलवून त्यांना खुणावत होते, सांग ना, न्या म्हण.

आई मुळ्याकडे बघत राहिल्या. तो चेहरा मी ओळखला. दुसऱ्याच्या घरून आलेल्या डब्याकडे त्या अशाच बघतात. आपल्या मळ्यातल्या मुळ्याकडे असं बघताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

त्या टेबलाशी गेल्या. भावेशच्या हातातून मुळा घेतला, पिशवीत घातला, पिशवीचे बंद जुळवून ती काखेत मारली.

"नका नेऊ, मॅडम," त्या म्हणाल्या. "आधी तपासा. भिंतीपलीकडचं तपासा आनि आमचं पन तपासा. आमच्या विहिरीचं पानी पन घ्या."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. वानवळा परत घेतलेला आजवर कुणी बघितला नव्हता. बाबा खुर्चीत खाली बघत बसले. मॅडमनी बराच वेळ लिहिलं आणि मग सांगितलं, की जागेच्या मागच्या बाजूची माती आणि आसपासच्या विहिरींचं पाणी सरकारी प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं जाईल, आणि तो अहवाल येईपर्यंत या प्रस्तावावर निर्णय होणार नाही.

म्हणजे आई जिंकल्या होत्या. त्यांना जे हवं होतं ते अक्षरशः तसंच मिळालं होतं. पण बाहेर पडताना कोणी त्यांच्याशी बोललं नाही, फक्त बायजा बोलली. बायजाचा मळा आमच्या शेजारी, त्याच भिंतीला लागून, आणि तीही आचोळ्यातच बसते. तिने दारात आईंचा हात धरला.

"तुझ्या मळ्याचं तू बोललीस, कृष्णे. माझ्या मळ्याचं तुला कोनी इचारलं व्हतं?"

आईंनी हात सोडवून घेतला, पिशवी सावरली आणि घराची वाट धरली.

कोणीतरी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. मुळा, पिशवी, "नका नेऊ, मॅडम." ते सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आधी आचोळ्यात पोचलं. त्या दिवशी मीही आईंबरोबर गेले होते. पायरीवर पाटी मांडली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघत होत्या, थांबत नव्हत्या. एकीने तर पालकाची जुडी उचलून नाकाशी नेली आणि परत ठेवली. एरवी आईंनी तिच्या हातावर फटका मारला असता. पलीकडे बायजाची पाटीही तशीच भरलेली होती. ती आमच्याकडे बघत नव्हती.

मग कार्मिन आल्या. चर्चला जाऊन परत येताना रोज भाजी नेणाऱ्या, आचोळ्यातल्या आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. त्या सरळ पाटीपुढे बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कृष्णाबाय, लोक काय पण बोलू दे. मला तुझी भाजी ठाऊक हाय. दोन जुड्या पालक दे, नातवाला सूप करायचंय."

मला रडूच आलं. एवढ्या बाजारात एक तरी माणूस भेटलं. आईंचा हात पालकाकडे गेलाही. जुडी उचलली, पाणी झटकलं. मग त्यांनी ती परत पाटीत ठेवली आणि वरून गोणपाट ओढून घेतलं.

"नातू केवडा हाय?" त्यांनी विचारलं.

"दुसरं लागलं."

"मंग नको, कार्मिन. रिपोट येऊ दे."

उठताना कार्मिननी आईंच्या खांद्यावर हात ठेवला. पण जाताना पलीकडच्या कोपऱ्यावरच्या भय्याकडून पालक घेऊन गेल्या. सूप तर करायचंच होतं. आम्ही भरलेली पाटी घेऊन घरी आलो. त्यानंतर आई बाजारात गेल्या नाहीत.

माती नेली. भिंतीपलीकडची नेली, आमचीही नेली, विहिरीचं पाणी बाटल्यांमध्ये भरून नेलं. बायजाच्या विहिरीचंही नेलं. त्या दिवशी ती घराचं दार लावून बसली होती. अहवाल अजून आलेला नाही. आई रोज प्रितेशला विचारतात, प्रितेश रोज ऑफिसात फोन करतो, तिथले रोज उद्या म्हणतात. मधल्या काळात मळ्यात पालक वाढून फुलावर आला, मुळे जून झाले. आई पाणी देत राहिल्या, तोडत मात्र नव्हत्या. बाबा दिवसभर बांधावर बसून असायचे. कुणाकडे जाणं त्यांनी बंदच केलं, कारण न्यायला काही नव्हतं.

मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. माझ्या मुलीच्या ताटात आता काय जातं ते मी ठरवत होते. पण आईंकडे बघवत नव्हतं. आता त्या कशावरच संशय घेत नव्हत्या. मीटरवाला आला आणि गेला, त्या जागच्या हलल्या नाहीत.

एक दिवस दुपारी बाबा जेवायला बसले. आई वाढत होत्या, मी शेजारी मुलीला भरवत होते. भाकरी, भात, आणि माठाची भाजी. बाबांनी भाकरी मोडली, घास भाजीपर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. लग्न झाल्यापासून या माणसाने ताटात आलेल्या वस्तूबद्दल एकदाही काही विचारलं नव्हतं. अळणी असो, करपलेलं असो, खाऊन उठायचे. त्यांनी वर बघितलं नाही.

"भाजी कुटली?" त्यांनी विचारलं.

"इकत आनली," आई म्हणाल्या. "टेशनबाहेरच्या गाडीवरून."

ती गाडी कुणाची, तो माणूस कुठून भाजी आणतो, ती कुठल्या नाल्याच्या, कुठल्या कंपनीच्या कडेला उगवते, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले आणि जेवायला लागले.

आईंनी हातातली पळी पातेल्यात ठेवली. मग त्यांनी भाजीचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. त्या दिवशी त्यांना मीच वाढून दिलं, आणि त्या जेवल्या नाहीत.